भरत्या दिवसांतील विसावा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक भगिनींचा आग्रह झाला, तेव्हा विषय शोधण्यास मला फार लांब जावे लागले नाही. अलीकडे मंडळात येणाऱ्या नोकरदार सुना-लेकींच्या तोंडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. प्रसूतीची रजा सुरू झाली, बाळ येण्यास अजून महिना-दीड महिना अवकाश आहे. मग हे दिवस घालवावयाचे कसे? त्यावर शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्या बाया हसतात. ‘आम्हाला कुठे गं रिकामे बसायला मिळत होते!’ असे त्या म्हणतात. या प्रश्नात आणि या हसण्यात सुमारे शंभर वर्षांचा इतिहास भरला आहे, असे मला वाटते. तो इतिहास आपल्या गोंदियाच्या मातीशीही जोडलेला आहे, म्हणून तो येथे थोडक्यात मांडीत आहे.

कायद्याच्या पुस्तकात रजा हा शब्द येण्यापूर्वी आपल्या समाजाजवळ रजेसाठी दुसरा शब्द होता, तो म्हणजे माहेर. पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे, ही रीत केवळ मायेची नव्हती. सासरच्या पहाटेच्या दळणापासून आणि विहिरीच्या पाण्यापासून सुटका देणारी ती एक व्यवस्था होती. सातव्या महिन्यात ओटी भरावी, डोहाळजेवण व्हावे आणि लेक माहेरी यावी, असा क्रम असे. तेथे तिचे हात रिकामे राहत नसत. जुन्या लुगड्यांच्या नि धोतरांच्या मऊ कापडाची दुपटी आणि लंगोट शिवावयाचे, झबली-टोपरी बेतावयाची, कुंचीला गोंडे लावावयाचे, थंडीचे दिवस असतील तर लहानशी गोधडी घालावयाची. आई डिंक, खोबरे, मेथी, अळीव जमवीत असे, ते निवडावयाचे. हा सारा बाळंतविडा तयार होईपर्यंत दिवस भरत येत. कामे होतीच; परंतु ती बसून करावयाची होती, त्यांना घाई नव्हती, आणि मधेच कंटाळा आला तर सुई टोचून ठेवता येत होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो वेळ त्या मुलीच्या स्वतःच्या मालकीचा होता.

मात्र हे चित्र खाऊनपिऊन सुखी घरांचे आहे. आपला जिल्हा धानाचा. आषाढ-श्रावणात रोवणी सुरू झाली म्हणजे बांध्यांतून गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांच्या रांगा आजही दिसतात. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्या घरातील बाईला माहेरही तसेच मजुरीचे असे. सातवा महिना असो की नववा, रोवणीचे पंधरा-वीस दिवस हातचे घालविणे तिला परवडत नसे. रोवणी सरली की निंदण, पुढे कापणी; उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचणे, मग तेंदूपत्ता. अशा बाईला ‘वेळ कसा घालवावा’ हा प्रश्न कधी पडलाच नाही. तिच्यापुढचा प्रश्न निराळा होता. चिखलात वाकणे जमेनासे झाले म्हणजे चार पैसे कशातून मिळवावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर गोंदियाला बिडीने दिले. बंगाल-नागपूर रेल्वे गोंदियावरून गेलेली होतीच; विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडे आणि नागभीड-चांद्याकडे जाणारे अरुंद मापाचे फाटेही गोंदियाला येऊन मिळाले. भोवती तेंदूची जंगले, गुजरातेतून तंबाखू आणणारे व्यापारी आणि माल चारी दिशांना नेणारी आगगाडी, असा तिन्हींचा मेळ जमला आणि हा व्यवसाय आपल्या भागात खेडोपाडी पसरला. सूप मांडीवर घ्यावे, पान फर्म्याने कापावे, त्यात जर्दा भरून वळावे, धागा बांधावा, आणि संध्याकाळी सट्टेदाराकडे माल मोजून द्यावा. या कामाला वाकावे लागत नाही, घराबाहेर जावे लागत नाही, हातातले मूल खाली ठेवले की पुन्हा सूप घेता येते. त्यामुळे पोटुशी बाई बिडीकडे वळली, यात नवल नाही. गरोदरपणातले ‘बसून करावयाचे काम’ हे माहेरी दुपटी शिवणे होते, ते मजूर घरात बिडी वळणे झाले. फरक एवढाच, की येथे सुई टोचून ठेवण्याची मोकळीक नव्हती. हजारी भरली नाही तर पैसे नाहीत, आणि छाट निघाली तर तेवढेही नाहीत.

आता कायद्याकडे वळू. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद भरली. तिने प्रसूतीपूर्वी सहा आठवडे सुटीचा हक्क आणि प्रसूतीनंतर सहा आठवडे कामास बंदी, असा ठराव संमत केला. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही. परंतु विचाराचे बी पडले. मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूतीविषयक बिल आले, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे केवळ तिच्या नव्हे, तर राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. आपण त्या वेळी मध्य प्रांतात होतो, आणि आपल्या प्रांताने फार वेळ लावला नाही. मध्य प्रांताचा प्रसूती लाभ कायदा १९३० सालचा आहे. या बाबतीत आपला प्रांत देशातील पहिल्या दोहोंत होता, ही गोष्ट आपल्या मुलींना शाळेत कोणी सांगत नाही. म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवून ठेवते.

परंतु या कायद्याची मेख अशी होती, की तो ‘कारखान्यां’ना लागू होता. कारखाना म्हणजे यंत्रशक्तीवर चालणारा, सरकारी देखरेखीखालचा. बिडीला यंत्र कसले? सूप आणि कात्री. पुढे १९३७ मध्ये बिडी, लाख आणि कातडी कमावण्याच्या कामांसाठी मध्य प्रांताने ‘अनियंत्रित कारखान्यां’चा वेगळा कायदा केला, पण घरच्या ओट्यावर बसून बिड्या वळणारी बाई कारखान्यात नव्हतीच, ती आपल्या घरात होती. घरातल्या बाईला रजा कोण देणार?

खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांचीही कथा अशीच बोधप्रद आहे. जुन्या भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या बाजूस चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. गोंदिया त्याच जिल्ह्याचा भाग होता. खाणींतील स्त्रियांसाठी १९४१ मध्ये निराळा प्रसूती लाभ कायदा झाला. प्रसूतीपूर्वीच्या चार आठवड्यांत ज्या दिवशी बाई कामावर ‘गैरहजर’ राहील, त्या दिवसाचा भत्ता तिला मिळावा, अशी त्याची भाषा होती. त्यातून चमत्कारिक पेच निघाला. खाणच त्या दिवशी बंद असेल, तर बाई गैरहजर कशी म्हणावयाची? काम नव्हते, म्हणजे गैरहजेरी नाही. गैरहजेरी नाही, म्हणजे भत्ता नाही! १९४३ मध्ये मजूर खात्याचे सभासद म्हणून डॉ. आंबेडकरांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात दुरुस्ती आणून हा पेच सोडविला. शब्द किरकोळ वाटतो. पण ‘गैरहजर’ आणि ‘विसावा’ यांत केवढे अंतर आहे, हे या एका दुरुस्तीवरून कळून येते. मालकाच्या हजेरीपटावर तिची खूण नाही म्हणून नव्हे, तर तिच्या पोटात जीव वाढतो आहे म्हणून तिला पैसे द्यावयाचे आहेत.

स्वातंत्र्यानंतर आपल्या प्रांतात एक असे प्रकरण घडले, ज्याचा उल्लेख वकिलांच्या पुस्तकांत नेहमी येतो, परंतु बायकांच्या पुस्तकांत कधी येत नाही. शेतीच्या हंगामात मजूर मिळत नाहीत, सारे बिडीकडे जातात, अशी तक्रार होती. म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये कायदा करून, ठरविलेल्या गावांत शेतीच्या हंगामात बिड्या वळण्यास बंदी करण्याचा अधिकार जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरास दिला. सागर जिल्ह्यातील अशा बंदीविरुद्ध दाद मागण्यात आली, आणि नोव्हेंबर १९५० मध्ये चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरविली. निकालातील एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. खेड्यात दुबळी, अपंग माणसे, म्हाताऱ्या बाया आणि मुले असतात, ज्यांना शेतातील कष्ट झेपत नाहीत. त्यांनाही बिडीपासून तोडणारी सरसकट बंदी वाजवी नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. त्या यादीत दिवस भरत आलेल्या बाईचे नाव नाही. परंतु रोवणीच्या दिवसांत घरी सूप घेऊन कोण बसलेली असे, हे आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही आजीला विचारावे. निकालाने तिचे काम वाचले, ही गोष्ट खरी. पण काम वाचणे म्हणजे विसावा मिळणे नव्हे.

तो विसावा कागदावर यावयास आणखी काही वर्षे जावी लागली. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६१ मध्ये सर्व देशासाठी एकच प्रसूती लाभ कायदा संमत झाला. त्यात १२ आठवड्यांची पगारी रजा होती आणि तीपैकी अधिकात अधिक ६ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येत. आधीच्या दिवसांचा पैसा गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यावा, असेही त्यात आहे. पुढे १९६६ मध्ये बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, आणि त्याने प्रसूती लाभाचा कायदा बिडी व्यवसायाला, इतकेच नव्हे तर घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईलाही लागू केला. बिडी-मालकांनी या कायद्याला आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. घरातली बाईही कामगार आहे, हे अखेर मान्य झाले. मात्र घरी काम करणारीसाठी वैद्यकीय बोनसचे आणि बाळंतपणातून उद्भवलेल्या आजाराच्या जादा रजेचे कलम तेवढे वगळले गेले. ताटात पोळी वाढली, पण भाजी वाढावयाची राहिली, असाच हा प्रकार झाला.

तसेच आणखी एक अडचण होती. लाभ मिळण्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत १६० दिवस काम झालेले असावे, अशी मूळची अट होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती ८० दिवसांवर आली. पण हे दिवस मोजावयाचे कोणाच्या नावावर? सट्टेदाराकडील कार्ड पुष्कळदा सासूच्या किंवा नवऱ्याच्या नावाचे. बिड्या वळणारी सून कागदावर कोठेच नाही. हात तिचे, हजारी तिची आणि नाव दुसऱ्याचे. मग दिवस तिचे कसे ठरावेत?

या कायद्यात एक कलम असे आहे, की जे आपल्या मूळ प्रश्नाला थेट जाऊन भिडते. रजेवर असताना बाईने दुसऱ्या एखाद्या आस्थापनेत काम केले, तर तिचा रजेच्या पैशावरील हक्क जातो. कायदा म्हणतो, हे पैसे विसाव्याचे आहेत. वेळ जात नाही म्हणून दुसरीकडे मजुरी धरू नये. विसावाही एक प्रकारचे कर्तव्यच आहे, असा त्यातला भाव आहे. दुपटी शिवण्यास, पुस्तक वाचण्यास, लोणचे घालण्यास कायद्याची ना नाही.

आता शिकलेल्या नोकरदार स्त्रियांकडे पाहू. बिडीच्या व्यापारातूनच पुढे आलेले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. त्या पिढीपासून आपल्या भागातील मुली अधिकाधिक शिकू लागल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, कचेऱ्यांतून बसू लागल्या. आम्हा शिक्षिकांना त्या काळी ९० दिवसांची प्रसूती रजा मिळे. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणींनी, आणि मीही, ती रजा बाळंतपणापूर्वी फारशी खर्चली नाही. वर्गात उभे राहून पाय सुजत, तरी खडू हातातून सुटत नसे. कारण आधी खर्चलेला एकेक दिवस बाळाच्या वाट्यातून वजा होत असे. नव्वद दिवसांतून अंगावरचे मूल टाकून कामावर जावयाचे, तेव्हा आधीच्या आठवड्यांचा विचार कोण करतो? म्हणून आजच्या मुलींना ‘आधीचा वेळ कसा घालवावा’ असा प्रश्न पडतो, याचा मला आनंदच होतो. केंद्र सरकारच्या नोकरीत ही रजा १९९७ मध्ये १३५ दिवसांची आणि २००८ पासून १८० दिवसांची झाली, राज्यातही पुढे १८० दिवस मिळू लागले. २०१७ मध्ये १९६१ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवडे आणि त्यांपैकी ८ आठवडेपर्यंत आधी, अशी तरतूद झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हीच तरतूद पुढे चालविली आहे. रजा लांबली, म्हणूनच तिचा काही भाग बाळापूर्वी घेण्याचे धैर्य स्त्रियांना आले.

रोजंदारीवरच्या स्त्रियांना तरी हा लाभ का नसावा, हा प्रश्नही न्यायालयात गेला होता. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील मजूर स्त्रियांच्या बाबतीत ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नोकरी कायम नसली तरी प्रसूतीचा लाभ त्यांनाही मिळाला पाहिजे. तो दिवस जागतिक महिला दिनाचा होता, हा योग सुंदर आहे.

तथापि रोवणीच्या बांधीतील बाईला मालक एक नसतो, हजेरीपट नसतो. तिच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रसूती साहाय्याचा हक्क लिहिला गेला, आणि २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणास ५,००० रुपये मिळू लागले. पुढे दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपयांची सोयही झाली. साहाय्य चांगलेच आहे. पण हिशेब मांडून पाहावा. नोकरदार बाईचे २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. ५,००० रुपये त्या दिवसांवर वाटले, तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. एवढ्यावर कोणती मजूर बाई शेवटचे दोन महिने घरी बसेल? वडीलधाऱ्या बायांच्या हसण्यामागची खंत ती हीच.

भगिनींनो, इतिहास येथवर आला. आता आपल्या मंडळाने काय करावे, याविषयी चार शब्द लिहून पुरे करते.

पहिली गोष्ट ज्या मुली रजेवर आहेत त्यांच्यासाठी. आईने सांगितलेल्या कामांत शहाणपण होते. बसून करावयाची, केव्हाही थांबविता येणारी कामे निवडावीत. शिवणटिपण करावे, हिंडाफिरावे, वाचावे, दुपारी डाव्या कुशीवर पडावे. कागदपत्रे आधीच नीट लावून ठेवावीत. माता-बाल संरक्षण कार्ड, बँकेचे पुस्तक आणि दवाखान्यात न्यावयाची पिशवी एका जागी असावी. आणि चित्त स्वस्थ नसेल तर ते बोलून दाखवावे. एकटीने घरात कुढत बसणे हा काही विसावा नव्हे.

दुसरी गोष्ट बिडी वळणाऱ्या भगिनींसाठी. तंबाखूची धूळ श्वासात जाणे आणि जर्दा दिवसभर हाताळणे गरोदरपणात घातक आहे. तेव्हा ‘बसून करावयाचे हलके काम’ म्हणून त्याकडे पाहू नये. शेवटल्या महिन्यांत निदान सूप दूर ठेवता यावे, यासाठी कार्ड तिच्या स्वतःच्या नावावर आहे की नाही, हे आपल्यापैकी कोणी तरी जाऊन पाहावे.

तिसरी गोष्ट मंडळासाठी. अंगणवाड्यांची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली. आज आपल्या जिल्ह्यातही गावोगावी अंगणवाडी आहे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होत असते; ही सोय २०१६ पासूनची आहे. गोंदियात तर बाई गंगाबाई यांच्या नावाचे स्त्रियांचे रुग्णालयच आहे. परंतु जिच्या घरी चार मैलांवर कोणी नेणारे नाही, तिला या सोयींचा उपयोग काय? म्हणून माझी सूचना अशी आहे, की आठवड्यातील एक दुपार मंडळाची खोली गरोदर बायांसाठी मोकळी ठेवावी. नोकरीवरच्या मुली रजेवर आहेत, त्यांना लिहिता-वाचता येते, मोबाईलवर अर्ज भरता येतात. मजूर भगिनींजवळ कागद आहेत पण ते भरणारे कोणी नाही. एकीने दुसरीचा अर्ज भरावा, दुसरीने पहिलीला गोधडीचा टाका शिकवावा. जुन्या लुगड्यांची दुपटी करून ज्या घरी काही नाही तेथे बाळंतविडा पोचवावा. रोवणीच्या दिवसांत एखादी फारच अवघडलेली असेल, तर तिच्या चार-आठ दिवसांच्या मजुरीची सोय वर्गणीतून करता आली तर तीही करावी.

असे झाले तर ‘वेळ कसा घालवावा’ हे विचारणाऱ्या मुलीलाही उत्तर मिळेल आणि ‘आम्हाला कुठे बसायला मिळत होते’ म्हणणाऱ्या आजींनाही समाधान वाटेल. येत्या रोवणीपूर्वीच हा उपक्रम सुरू व्हावा, अशी मंडळाच्या सर्व सभासद भगिनींना माझी आग्रहाची विनंती आहे.